बाटलीचं झाकण

फवारणीचं औषध खपवणारा नयन दवाखान्यात आईच्या खाटेजवळ उभा होता. डॉक्टरांनी उभ्याउभ्या गोळ्या समजावल्या, आईनं मान डोलावली. ते गेल्यावर सिस्टर स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी गोळ्या आईच्या तळहातावर ठेवल्या. “काकू, आता तुम्ही मले समजावून सांगा.” आईनं रात्रीची गोळी सकाळची सांगितली. “मंग मान काहून हालवली?” नयननं विचारलं. “एवढा मोठा मानूस सांगून राह्यलता, त्याले समजलं नाही कसं म्हनू?” पुढच्या आठवड्यात झरी जामणीकडच्या एका गावात शेतकऱ्यांपुढं औषध झाकणानं मोजून कसं फवारायचं यावरचं त्याचं भाषण संपलं, तशा साऱ्या माना डोलल्या. अशा माना पाहून तो आजवर निघायचा. आज तो खाली बसला. बाटलीचं झाकण एका आजीच्या तळहातावर ठेवलं. “आजी, पंपाले किती झाकणं औषध, तुम्हीच मले सांगा.” ती लाजली. “झाकन तं आमी फेकूनच देतो, बापू.”