उरले ते दात

"हा महाकाय वानर तीन मीटर उंच होता. घनदाट जंगलातली फळं खायचा." क्षितिजा मांडीवर पुस्तक ठेवून मोठ्याने वाचत होती.

समोर तिचे आजोबा दत्ताराम ताट घेऊन बसले होते. दुधीची भाजी आणि भात. मुर्धा गावातलं, खाडीकाठचं त्यांचं घर बिल्डरने पाडलं होतं. नवं होईपर्यंत हे अकराव्या मजल्यावरचं भाड्याचं घर. मासे-मटण आणायचं नाही, असं मालकाने करारात लिहून घेतलेलं. चार महिन्यांत म्हाताऱ्याचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. गुडघे लिफ्टपर्यंतही नेत नव्हते.

"मंग?" त्यांनी विचारलं.

"मग जंगल कमी झालं. फळं मिळेनात. हा साली आणि काटक्या चावत बसला. तिथलेच ओरांगउटान मात्र मिळेल ते खायला शिकले. ते जगले."

"ऐका बाबा," सून उर्मिला ओट्यापाशी म्हणाली, "माकडांनासुद्धा कळतं."

दत्तारामांनी डावा हात खिशात घातला, मूठ नाकाशी नेली आणि उजव्या हाताने घास गिळला. पुन्हा तसंच. तिसऱ्या घासाला बेल वाजली.

समोरच्या फ्लॅटमधली बाई होती. "भाभी, कुछ बास आ रही है."

"नहीं तो. नाले की होगी."

दार लावून उर्मिला सासऱ्यांपुढे आली. तिने हात पुढे केला.

त्यांनी मूठ उघडली. एकच सुका बोंबील. मुर्ध्याहून निघताना लपवून आणलेला.

"खाल्ला न्हाय गो. फकत वास घेतो."

"मालक बाहेर काढेल, बाबा. या पोरीला घेऊन कुठे जाऊ मी?"

तिने बोंबील पिशवीत टाकला. गाठ मारण्याआधी क्षणभर थांबली, खोल श्वास घेतला. मग वर आणखी दोन पिशव्या बांधून तो खाली टाकायला गेली.

खिडक्या बंदच होत्या. दत्तारामांनी ताट सरकवलं.

"ता वानर आता कुठं हाय?"

"आता नाहीच, आजोबा. सगळे संपले. नुसते जबडे आणि दात सापडलेत."

दत्तारामांनी तोंडातली कवळी काढली, पेल्यातल्या पाण्याने धुतली आणि तिच्या उघड्या पुस्तकावर ठेवली.

"जपून ठेव," ते बोळक्या तोंडाने म्हणाले.