शिट्टी ज्याच्या दातात

अंकुश गुडघ्यावर बसला आणि भैय्यालालनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, उद्यावर आली होती. कोंढा गावच्या चौकातल्या स्टेजवर भरदुपारी नाटकाची तालीम चालली होती. खाली सतरंजीवर गावातल्या बायका वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, म्हणजे हात शेंगांत आणि डोळे स्टेजवर. नाटक प्रतिक्षाचं. लिहिलेलंही तिनंच आणि राणीही तीच. एसटीतली कंडक्टर बाई परग्रहावरचं नाटक लिहिते म्हटल्यावर अर्ध्या गावानं नाक मुरडलं होतं. बाकीच्यांनी फुकटात पाहायला मिळतंय ना, मग होऊ द्या, म्हटलं.

त्या ग्रहावर म्हणे जन्मताच एक सुई टोचतात आणि मग कुणाला काही दुखतच नाही. दुखत नाही म्हणून मायेनं फिरवलेला हातही कळत नाही. ज्याला पुन्हा कळायला हवं असेल त्यानं राणीपुढं गुडघे टेकायचे, हात बांधून घ्यायचे आणि स्वतःच्या तोंडानं मागायचं. मागितल्याशिवाय राणीचा हंटर उठत नाही. शिवाय बांधलेल्याच्या गळ्यात एक शिट्टी. ती दातात धरून फुंकली की राणीनं जिथल्या तिथं थांबायचं आणि पडदा पडायचा. शिट्टी प्रतिक्षाची रोजचीच, गाडी मागं घेताना वाजवायची. डायवर कितीही तोऱ्यातला असो, शिट्टी वाजली की त्याचा पाय ब्रेकवर जातोच.

हे काही तिला आभाळातून सुचलं नव्हतं. अंकुश तिचा नवरा. दार लावल्यावर त्या घरात कोण कुणापुढं गुडघे टेकतं, ते त्या दोघांनाच ठाऊक. पहिल्यांदा त्यानं ते मागितलं तेव्हा ती घाबरली होती. मग तिच्या लक्षात आलं की आपल्यावर इतका भरवसा आजवर कुणीच टाकला नाही. तो भरवसा एकदा लोकांना दिसावा, यासाठी तर तिनं हे सगळं मांडलं होतं. हा प्रवेशच गेला तर नाटकात उरलं काय, चमकीचे कपडे.

भैय्यालाल मंडई कमिटीचा अध्यक्ष. तो स्टेजवर चढला आणि त्यानं सांगून टाकलं की बाईच्या पायाशी माणूस, हे या गावात चालायचं नाही. उलटं करा. बाईला खाली बसवा, हंटर माणसाच्या हाती द्या आणि ती शिट्टी काढून टाका. नाहीतर उद्या तुमचं नाटक नाही, दंडार नाचणाऱ्यांना बोलावतो.

"भाऊ," प्रतिक्षा म्हणाली, "मागच्या सालच्या नाटकात नवरा बायकोले पट्ट्यानं मारत होता. तुमी रडले होते. वरून बक्षीस देल्लं. तिले कोणी इचारलं होतं का, मारू का म्हणून?"

"बाईले कायले इचारा लागते?" भैय्यालाल म्हणाला. "नाटकच होतं ना थे."

खाली शेंगा सोलणारे हात थांबले.

प्रतिक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं डोक्यावरचा मुकुट काढून बाजूला ठेवला, अंकुशचे हात मोकळे केले, शिट्टी आपल्या गळ्यात घातली आणि स्वतःच गुडघ्यावर बसली.

"बांध," ती अंकुशला म्हणाली. मग भैय्यालालकडं पाहून म्हणाली, "दोर ज्याच्या हाताले, शिट्टी त्याच्या दातात. हे नाही बदलत."

अंकुशनं गाठ मारली. त्या गाठीची दोघांनाही सवय होती. पण हंटर उचलायला तो काही तयार होईना. तिनं अजून मागितलंच नाही, तर उचलू कसा, म्हणाला. भैय्यालालला कुठला दम निघतो? एवढं काय आहे त्यात, मी दाखवतो, म्हणत त्यानं हंटर हिसकावला, मागं सरत लोकांच्या बाजूला स्टेजच्या पार कडेला गेला आणि हात उगारला.

प्रतिक्षानं शिट्टी फुंकली.

"वाजव, वाजव," भैय्यालाल हसत म्हणाला आणि त्यानं हात आणखी वर नेला.

तिनं छातीत होती नव्हती तेवढी हवा शिट्टीत घातली. पडद्याच्या दोरीपाशी लिलाधर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. पहिली शिट्टी त्याची चुकली होती. आता मात्र तो असा दचकला की दोरीच सोडून दिली. इतकी वर्षं गावात पडदा त्याच्याच हाती. शिट्टी झाली की पडदा, कुणी का वाजवेना. धाडकन पडदा खाली आला. प्रतिक्षा आणि अंकुश आत राहिले, आणि भैय्यालाल बाहेर, हंटर उगारलेला, समोर नुसतं कापड आणि पाठीशी सगळं गाव.

बाहेर कुणी हसलं नाही. अंकुश खाली बसून गाठ सोडवू लागला. गेलं आपलं नाटक, असं प्रतिक्षाला वाटलं. तरी शिट्टी तिनं दातातून सोडली नाही.

मग पडद्याची कड वर झाली आणि तुळसाबाईचं डोकं आत आलं. भैय्यालालची बायको, इतका वेळ खाली शेंगा सोलत बसलेली. कमिटी घरी बसली की चहा ठेवून आत जाणारी, चार माणसांत कधी तोंड न उघडलेली. तिच्या मागं नवऱ्याचे पाय दिसत होते, आणि पायांशी टेकलेलं हंटराचं टोक. तुळसाबाईनं दोराकडं पाहिलं, शिट्टीकडं पाहिलं. बोलली ती चांगली मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल अशी.

"वं प्रतिक्षा, हे शिट्टी भंडाऱ्यात कोण्या दुकानात भेटते?"