जुना हेडसेट

सरावाच्या विमानाच्या इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा. मी प्रशिक्षक, दिवसभर हवेतच असायचो, म्हणून गोंगाट गिळणारा महागडा हेडसेट स्वतःसाठी घेतला आणि जुना लेकीला दिला. त्याच्या गाद्या कडक झाल्या होत्या. तिच्या चष्म्याच्या दांडीपाशी फट राहायची, तिथून आवाज आत शिरायचा. “बाबा, तुमचे कान सख्खे, माझे सावत्र का?” ती म्हणायची. “आधी वैमानिकाचा परवाना मिळव, मग तुलाही नवा घेऊ.” चार वर्षं ती माझ्या शेजारी बसून उडाली. आज परवान्यासाठी कानांची तपासणी होती. काचेच्या बंद खोलीत ती हेडफोन लावून बसली. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. जाड सूर तिने पटापट ओळखले. मग बारीक, उंच पट्टीतले सूर सुरू झाले. काचेबाहेर माझ्यासमोरच्या यंत्रावर प्रत्येक सुराला दिवा लागत होता, तिचा अंगठा हलत नव्हता. तेवढ्यात दार उघडून तिने हसत विचारलं, “बाबा, संपलं ना?”