काजोरीची रेघ

“ही रेघ काजोरीची नाही,” हिरण्मयदा म्हणाले आणि ते पान त्यांनी टेबलावरून तिच्याकडेच सरकवलं.

ते पान काजोरीनं याच आठवड्यात काढलं होतं. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदाच टाक हातात धरून. कोळणीच्या टोपलीपाशी साळसूदपणे बसलेली खेंदी मांजर. मुलांच्या मासिकात कित्येक वर्षं ही खेंदी तिनंच काढली होती. आता दुर्गापूजेच्या खास अंकात खेंदीची मोठी गोष्ट यायची होती आणि पाठोपाठ पुस्तक. कॉलेज स्ट्रीटवरच्या त्या कोंदट कचेरीत आज फक्त चित्रं पसंत व्हायची होती.

हिरण्मयदा मासिकाचे संपादक. त्यांनी शेजारी गेल्या महिन्याचं पान ठेवलं. “ही बघ तुझी रेघ. मधे भरदार, टोकाला सुईसारखी. आणि हे काय? प्रत्येक वळणावर थांबतंय. कुणाकडून काढून घेतलंस?”

काजोरीला हसू आलं. कारण गेल्या महिन्याचं पान तिचं नव्हतंच. ते शेजारी बसलेल्या नवऱ्याचं, दीप्तेनचं होतं.

बसमधून उतरताना ती पडली, मनगट मोडलं आणि खेंदी बंद पडायची वेळ आली. दीप्तेन औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करायचा, जन्म कंप्यूटरपुढे गेलेला. त्यानं तिच्या जुन्या चित्रांतल्या शाईच्या रेघा स्कॅन केल्या, एकेक उचलून साफ केली आणि त्यांचे ब्रश बनवले. पडद्यावर तारेसारखी साधी रेघ ओढायची, तिच्यावर तो ब्रश चढवायचा, की झाली काजोरीची रेघ. कुठे किती जाड, टोक किती निमुळतं, सगळं त्यानं तिला विचारून विचारून बसवलं. “हात बरा होईपर्यंत तुझी रेघ मी सांभाळतो,” तो म्हणाला होता. असा जावई मिळायला पुण्य लागतं, असं तिची आई गल्लीभर सांगत सुटली. काजोरीलाही ते पटलं होतं. पानांवर नाव तिचंच जात राहिलं. हिरण्मयदांना कंप्यूटरचं वावडं, म्हणून त्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

“दादा, रागावू नका,” ती म्हणाली. “आजचं पान माझं आहे. मधल्या महिन्यांतली पानं दीप्तेननं कंप्यूटरवर केली, माझ्याच जुन्या रेघांचे ब्रश बनवून. खोटं वाटत असेल तर गेल्या महिन्याच्या पानातल्या या मिश्या बघा. सगळ्या एकाच रेघेतून निघाल्यात, म्हणून प्रत्येकीला त्याच जागी टवका आहे. माणसाच्या हाताला हे जमेल का?”

हिरण्मयदांनी भिंग लावून मिश्या पाहिल्या. टवके सापडले तसे ते खुलले. “यालाच तर हात बसणं म्हणतात,” ते कौतुकानं म्हणाले. मग भिंग खाली ठेवून दीप्तेनकडे वळले. “काय रे, ही काय म्हणते?”

काजोरी निर्धास्तपणे खुर्चीला टेकली. आता तो बोलेल, चार शिव्या दोघांनाही बसतील आणि काम संपेल, असं ती धरून चालली होती.

दीप्तेननं चहाचा कप उगाच गोल फिरवला. “तिचं मनावर घेऊ नका, दादा,” तो हळूच म्हणाला. “छापलेली सगळी पानं तिचीच आहेत. हे नवं मी काढून पाहिलं. मलाही एखादं पान मिळावं म्हणून हट्ट धरून बसलीय ती.”

काजोरीला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग तिला दिसलं, की तो तिच्याकडे बघत नाहीये. प्लास्टर निघालं त्या दिवशी “घाई नको करूस” असं त्यानं किती मायेनं सांगितलं होतं. खेंदीला आलेली मुलांची पत्रं त्यानं आपल्या टेबलावर टाचून ठेवली होती, त्यातलं एकही तिच्या हातात दिलं नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्यानं तो केससुद्धा तिचाच घेतला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“वेडी पोर,” हिरण्मयदांचा आवाज भरून आला. “नवऱ्यासाठी खोटं बोलायलाही शिकलीस? दीप्तेन, वाईट नाहीये तुझं, पण अजून पुष्कळ घोटायला हवं. पुस्तक आपलं जुन्याच रेघेत जाऊ दे.”

“दीप्तेन, इकडे बघ,” काजोरी म्हणाली.

दीप्तेन पंख्याकडे बघत राहिला.

तिनं हिरण्मयदांसमोरचा टाक उचलला, दौतीत बुडवला आणि एका रद्द प्रुफाच्या पाठीवर काढायला सुरुवात केली. पाठीचा बाक, शेपटी, कान. वळण आलं की हात आपोआप जरा थांबे आणि मग सावकाश पुढे जाई. मोडून सांधलेल्या मनगटाची ती चाल होती आणि तिला ती आवडू लागली होती. म्हातारी होत चाललेली, सगळं ओळखून बसलेली खेंदी कागदावर उतरली. इतकी चांगली ती आजवर उतरली नव्हती. काजोरीनं कागद हिरण्मयदांपुढे फिरवला आणि वाट बघत बसली.

हिरण्मयदांनी तो कागद मघाच्या नापसंत पानाशेजारी ठेवला. आधी हे, मग ते, पुन्हा हे, असं बराच वेळ पाहिलं. दोन्ही मांजरी हुबेहूब एका हातच्या होत्या.

“बघितलंस?” ते हळहळून म्हणाले. “रोज घरात बघून बघून तुझ्या हातालासुद्धा दीप्तेनचं वळण लागलं.”