या न्यायालयाची खात्री

“‘आरोपीच्या चेहऱ्यावर या न्यायालयाला पश्चात्ताप दिसतो,’” पुंजाजी म्हणत होता. त्याचे हात मात्र विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत होते. “‘हा मनुष्य मुळात वाईट नाही. त्याला संधी दिल्यास तो समाजाचा विश्वास सार्थ ठरवील, अशी या न्यायालयाची खात्री आहे.’ पहा बरं मॅडम, बरोबर हाये काय?”

निता राठोडने मांडीवरच्या फायलीत पाहिलं. एक शब्दही चुकला नव्हता.

निता कायद्याच्या कॉलेजात शिकवायची. शिक्षा सुनावताना न्यायाधीश जी कारणं लिहितात, त्यांच्यावर तिचा प्रबंध चालू होता. एका तालुक्याच्या कोर्टातली जुनी निकालपत्रं तिने तीन वर्षं चाळली होती, आणि त्यांत तिला हा परिच्छेद सापडला होता. एकदा नाही, एकेचाळीस वेळा. कोणी बैल चोरलेला, कोणी भावाच्या डोक्यात दांडा घातलेला, कोणी घरात दारू गाळलेली, परिच्छेद तोच. आरोपी बाई असली तरी ‘हा मनुष्य’च.

त्यावरून तिने निष्कर्ष काढला होता. ही कारणं कोणी मनापासून लिहीत नाही आणि कोणी कान देऊन ऐकत नाही. तेव्हा ती बंद करावीत, त्यांच्याऐवजी एक छापील तक्ता द्यावा, न्यायाधीशांनी त्यात खुणा कराव्यात. शिक्षा झालेल्या सोळा जणांना ती भेटून आली होती. किती महिन्यांची शिक्षा झाली, वकील कोण होता, हे सगळ्यांना आठवत होतं. न्यायाधीश काय बोलले ते एकालाही नाही. पुंजाजी सतरावा. आठ दिवसांनी प्रबंध सादर करायचा होता, आणि किन्हीराजा गावी ती खरं तर यादी पूर्ण करायला आली होती.

सोळा वर्षांपूर्वी पुंजाजीने चार विहिरींवरची केबल कापून नेली होती. पकडला गेला, गुन्हा शाबीत झाला. कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. त्यानंतर तो मोटार भरायचं काम शिकला. आता मालेगाव रस्त्याला त्याचं दुकान होतं. ज्यांच्या केबली त्याने चोरल्या होत्या, त्यांच्याही मोटारी त्याच्याकडेच येत. कोणी अनोळखी शेतकरी जुन्या चोरीचं ऐकून दुरुस्तीला मोटार टाकताना बिचकला, तर पुंजाजी आपल्या निकालाच्या नकलेचं लॅमिनेशन केलेलं पान पुढे करायचा. चोरीच्या गुन्ह्याचा निकाल तो दाखल्यासारखा वापरायचा. पोराची सोयरीकही त्या पानावरच जुळली होती.

दुकानामागच्या घरातून त्याची बायको रंगूबाई चहा घेऊन आली. “पोथीवानी पाठ हाये याले,” ती निताला म्हणाली. “साहेबानं एका नजरंत मानूस ओळखला, मनून आमचं घर वाचलं, बाई. देव त्याले सुखी ठेवो.”

निताने कप हातात घेतला. आपल्या प्रबंधात चाळिसाव्या पानावर काय लिहिलंय ते तिला दिसत होतं. ‘सदर मजकूर केवळ नक्कल असून त्याचा आरोपींच्या वर्तनावर कोणताही परिणाम आढळत नाही.’ हे वाक्य आता खोटं ठरलं होतं. आणि खरं काय ते सांगावं, तर समोरच्या माणसाची सोळा वर्षं खोटी ठरणार होती. साहेबांनी तुम्हाला नीट पाहिलंसुद्धा नसेल, काका. हे ती कोणत्या तोंडाने सांगणार?

तिने फाइल मिटली. “झालं माझं काम. निघते मी.”

“थांबा नं. माहा असली कागद कसा हाये ते तं पाहू द्या.” पुंजाजीने तेलकट हात पुसून पुढे केला. कागद त्याच्याच निकालाचा होता. तिला नाही म्हणता आलं नाही.

त्याने आपलं पान पाहिलं. मग पुढचं, दुसऱ्या आरोपीचं, उलटलं. मग त्याच्या पुढचं. त्याचं बोट प्रत्येक पानावर त्याच ओळीपाशी थांबत होतं. सातवी शिकलेला माणूस, हळू वाचत होता. निताचे कान तापले.

“काका, मी सांगणारच होते तुम्हाला...”

पुंजाजीने आधी आत वळून पाहिलं. रंगूबाई चुलीपाशी होती. मग त्याने आवाज बारीक केला.

“तिले सांगू नका. मले ठाव हाये.”

“तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?”

“त्याच रोजपासून. साहेबाची बदली झाली होती, सारे निकाल एकाच दिवशी लावले. माहा नंबर सातवा. माह्या आंधी सहा जनायले हेच वाचून दाखोलं. चौथ्याच्या वक्ताले शिपायाले जांभई आली. अन् पश्चात्ताप कायचा घेऊन बसल्या, मॅडम? मी तं खाली मान घालून तुटलेली चप्पल पाहून राह्यलो होतो.”

“मग हे सगळं...” निताने दुकानाकडे हात केला. “मग तुम्ही सुधारलात कशामुळे?”

पुंजाजीने फाइल मिटून तिच्या हातात दिली, आणि अर्धी भरलेली मोटार पुन्हा जवळ ओढली.

“मले साहेबाची कीव आली,” तो म्हणाला. “सात चोट्टे समोर उभे, अन् हा बिचारा एकेकाची खात्री देऊन राह्यला होता. म्हटलं, सातातल्या एकानं तं त्याचा शब्द राखा लागन.”