भाकरीचं कुलूप

रझियाचं तान्हं सकाळपासून रडतही नव्हतं. तिचं दूध आटलं होतं. छावणीचं पीठ नोंद झालेल्यांनाच पचेल असं बनवलेलं होतं आणि बुडालेल्या बंदरातून कालच आलेल्या रझियाच्या नोंदीला अजून दहा दिवस होते.

नोंद झालेल्या जनी तांडेलने आपली अंगावर पिणारी लेक सासूकडे दिली आणि रझियाचं बाळ पदराखाली घेतलं.

“बाई, आपलं रेशन दुसऱ्याला द्यायचं नाही,” छावणीचा निरीक्षक म्हणाला.

“भाकरी मी खाल्ली, मीच पचवली. हे माझं दूध आहे, साहेब. याला कुलूप लावून दाखवा!”

“तुमची नोंद खोडावी लागेल.”

“खोडा की,” शेजारच्या तंबूतून लेकुरवाळी वत्सला म्हणाली. “जनीच्या पोरीला मी पाजीन. कितीजणींची नावं खोडाल?”

तोवर बाळ लुचू लागलं होतं.