लिहिलेली झोप

"ताई, पोलीस म्हणतात, आठ तास झोपलेल्याला डुलकी लागते कशी? प्यायला असशील!" हॉस्पिटलच्या खाटेवर प्लास्टरमधला पाय सावरत इसाक मुजावर म्हणाला. "आयुष्यात थेंब घेतला नाही मी. तुमच्या नोंदीत काहीतरी चुकलं असेल, बघा ना."

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हरांच्या कामाची, विश्रांतीची नोंद हेमलता ठेवायची. अपघाताच्या दिवशी सकाळी सोलापूरहून इसाकचा फोन आला होता, "डोळे मिटताहेत ताई, थोडा पडतो." समोर बसलेल्या शेठनी मानेनंच नाही म्हटलं. "माल आजच पोचायला हवा, निघा," असं तिनं सांगितलं आणि सवयीप्रमाणे 'आठ तास विश्रांती' लिहून टाकलं. दुपारी ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला.

"चूक कुणाकडूनही होते, ताई," इसाकच तिची समजूत घालू लागला. "तुम्ही मुद्दाम थोडंच लिहिणार?"

हेमलताला त्याच्याकडे बघवेना. 'हो, चुकलंच' एवढं म्हटलं असतं तरी नोकरी वाचली असती. ती उठली आणि व्हरांड्यातल्या हवालदारासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तो झोपलाच नव्हता," ती म्हणाली. "त्यानं झोप मागितली होती. मी दिली नाही."